शॉक घेतला तर आठवणींचं काय?

गेल्या अंकात औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनबद्दल लिहिताना ईसीटीचा, म्हणजे भुलीखाली डोक्याला करंट देऊन करायच्या उपचाराचा, लोकांच्या तोंडी असलेल्या ‘शॉक’चा, मी जेमतेम दोन ओळींत उल्लेख केला होता. सगळ्या लेखावर आली नसतील इतकी पत्रं त्या दोन ओळींवर आली. नागपूरच्या धंतोलीतल्या माझ्या ओपीडीतही असंच होतं. डिप्रेशनचं निदान ऐकून माणसं मान डोलावतात, गोळ्यांची चिठ्ठी मुकाट घेतात, आणि शॉकचं नाव निघालं की सोबतचा नातेवाईक खुर्ची मागे सरकवतो. म्हणून यावेळचं सगळं सदर याच विषयाला. पत्रांमधली गावं आणि नाती थोडी बदलली आहेत.

प्रश्न : मॅडम, माझी आई ६२ वर्षांची. काटोलकडे शाळेत शिक्षिका होती, आता निवृत्त आहे. पोळ्यापासून तिचं बोलणं कमी झालं. आता म्हणते, “माझी आतडी सडली, मले जेवाले नका देऊ, अन्न वाया जाते.” दिवसभरात दोन-चार चमचे पेज पोटात जाते. दोन वेगवेगळ्या गोळ्या पूर्ण डोसमध्ये देऊन झाल्या, सोबत भ्रमाची गोळीही आहे. डॉक्टरांनी ईसीटी सुचवली. भाऊ म्हणतो, “शॉक दिला का माणूस कामातून जाते, आपल्यालेही ओळखणार नाही ते.” आईला तीस वर्षांतल्या विद्यार्थ्यांची नावं आडनावासकट पाठ आहेत. ती जातील का? — मुलगी, बेसा

उत्तर : तुम्ही अंकाची वाट बघत बसू नये म्हणून हे उत्तर मी आधीच कळवलं आहे. इथे छापतेय ते इतरांसाठी. दोन-चार चमचे पेजेवर असलेल्या बाईच्या बाबतीत आठवणींचा प्रश्न दुसरा, पाण्याचा पहिला. दोन दिवसांत लघवी कमी झाली, जीभ कोरडी पडली, तर कुठलीही चर्चा न करता आईला भरती करा.

‘आतडी सडली’ हा भ्रम आहे, आणि भ्रमासह आलेलं तीव्र डिप्रेशन हेच ईसीटीचं सगळ्यांत खात्रीचं क्षेत्र. एकूण तीव्र डिप्रेशनमध्ये शंभरातल्या ६० ते ८० जणांना तिचा चांगला उपयोग होतो. भ्रम असले, वय जास्त असलं, तर आकडा वरच्या टोकाकडे सरकतो. ‘या वयात कशाला शॉक’ हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते, आणि ते नेमकं उलटं आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्राइड’ नावाच्या अमेरिकन अभ्यासात साठीपुढचे २४० रुग्ण होते. डोक्याच्या उजव्या बाजूने, अगदी आखूड पल्सची, म्हणजे करंटच्या छोट्या ठोक्यांची, ईसीटी आणि सोबत व्हेन्लाफॅक्सिन ही डिप्रेशनची गोळी एवढ्यावर त्यांतले सुमारे ६२ टक्के लक्षणमुक्त झाले.

भावाला प्रत्यक्ष काय होतं ते सांगा, कारण त्याच्या डोळ्यांपुढे सिनेमातलं दृश्य आहे. सकाळी उपाशीपोटी नेतात. हाताला सुई, भूलतज्ज्ञ झोपेचं औषध देतात, मग स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन, तोंडात दातांसाठी गार्ड, नाकावर ऑक्सिजन. करंट काही सेकंदांचा असतो. त्याने मेंदूत फिट येते, ती बहुधा मिनिटभराच्या आत थांबते. अंग आपटत नाही. एका घोट्याला बीपीचा पट्टा आवळून त्या पायात सैल करणारं औषध जाऊ देत नाहीत, म्हणजे फक्त तेवढा एक पाय थरथरताना दिसतो आणि डॉक्टरांना फिट मोजता येते. दहा-पंधरा मिनिटांत रुग्ण डोळे उघडतो. डोकं दुखतं, अंग दुखतं, मळमळतं. मृत्यूचा धोका एक लाख सिटिंगमागे सुमारे दोन, म्हणजे जवळजवळ भुलीचाच जेवढा असतो तेवढा.

आता आठवणी. ‘काही होत नाही’ असं मी म्हणणार नाही, आणि कुणी म्हटलं तर तुम्हीही ऐकून घेऊ नका. तीन वेगवेगळ्या गोष्टी होतात. शुद्धीवर आल्यावर थोडा वेळ गोंधळ असतो, आपण कुठे आहोत ते कळत नाही. कोर्स चालू असलेल्या आठवड्यांत नवं काही डोक्यात टिकत नाही: मामा येऊन भेटून गेले तरी संध्याकाळी आई म्हणेल, मामा कधी येणार? हे दोन्ही जातं, पहिलं तासाभरात आणि दुसरं बहुतेकांचं काही आठवड्यांत. तिसरी गोष्ट जास्त अवघड. आजारपणाच्या आणि उपचाराच्या आसपासचे आठवडे, कधी त्याआधीचे काही महिने, पुसट होतात किंवा तुकड्यातुकड्यांनी गळतात. त्यातलं बरंच परत येतं, काही येत नाही. नुकत्याच सारवलेल्या अंगणात पाय पडावा तसं आहे ते: ओलं असतं तिथे ठसा उमटतो, वाळलेलं सहसा शाबूत राहतं. तीस वर्षांपूर्वीची मुलं, त्यांची आडनावं, तुमचे चेहरे हे वाळलेल्या भागात येतं. यंदाचा पोळा, गणपती, दवाखान्यातले दिवस यांची मात्र मी हमी देणार नाही.

पण ही किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही, आणि ती बरीचशी करंट कसा दिला यावर ठरते. मला या अंकात काही ठासून सांगायचं असेल तर ते एवढंच, आणि हेच नातेवाइकांना कुणी सांगत नाही. डॉक्टरांना विचारा, इलेक्ट्रोड कुठे लावणार? दोन्ही कानशिलांवर लावले तर परिणाम भराभर दिसतो, आठवणींना धक्काही जास्त. फक्त उजव्या बाजूला लावले तर डावा मेंदू, जिथे बहुतेकांची भाषा आणि शब्दांची स्मृती असते, बराचसा वाचतो. मात्र उजव्या बाजूने करंट फिट येण्यापुरता देऊन भागत नाही. त्या माणसाला फिट यायला कमीत कमी किती करंट लागतो ते पहिल्या सिटिंगला शोधायचं आणि पुढे त्याच्या पाच-सहा पट द्यायचा, तेव्हा ती कानशिलांवरच्या ईसीटीच्या जवळपास पोचते. मग विचारा, पल्स किती रुंद? ०.३ मिलिसेकंदाची अल्ट्राब्रीफ पल्स स्मृतीला सगळ्यांत सौम्य, पण सिटिंग थोड्या जास्त लागू शकतात. ०.५ ते १ची ब्रीफ पल्स मधली. आणि आठवड्यातून किती वेळा? तीनऐवजी दोनदा दिली तर शेवटी गुण तेवढाच येतो, थोडा उशिरा येतो, आणि डोक्यातला गोंधळ कमी राहतो. या प्रश्नांवर डॉक्टर चिडले तर चिडू द्या. चांगल्या डॉक्टरला असे प्रश्न आवडतात, आम्हाला इतकं नेमकं कुणी विचारतच नाही.

तुमच्या आईच्या बाबतीत माझं मत थोडं वेगळं पडेल. पाणीही बंद झालं तर डॉक्टरांनी दोन्ही कानशिलं निवडली तरी मी वाद घालणार नाही. तिथे वेग हवा. ती जेवायला लागली की मात्र विचारा, आता उजव्या बाजूला जाता येईल का, सिटिंगमधलं अंतर वाढवता येईल का.

तुमच्या हातातलं एक काम आहे. प्रत्येक सिटिंगनंतर आईला स्वतःचं नाव, ठिकाण, वार, वय सांगायला किती मिनिटं लागली ते वहीत लिहा. हा वेळ जितका लांबतो तितका मागच्या आठवणींना धोका जास्त, असं अभ्यासात दिसलं आहे. दर वेळी आकडा वाढत गेला तर पुढच्या सिटिंगच्या आधी वही डॉक्टरांपुढे ठेवा. लिथियम ही मूड स्थिर ठेवणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, त्याने गोंधळ वाढतो. लोराझेपाम, क्लोनाझेपाम यांसारख्या झोपेच्या गोळ्या फिट दाबतात, मग करंट वाढवावा लागतो. आणि सुरू करण्याआधी ‘मोका’ ही स्मृती आणि विचारशक्तीची तीस गुणांची छोटी चाचणी करून घ्या. आत्ता आई उत्तरं देणार नाही, दिली तर कमी गुण मिळतील, कारण डिप्रेशनच स्मृती खातं. तरी कागदावर एक सुरुवात हवी, नाहीतर नंतर काय कशामुळे गेलं ते कुणालाच सांगता येत नाही.

आईला समजून निर्णय घेता येत असेल तर सही तिचीच. येत नसेल तर २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे तिचा नामनिर्देशित प्रतिनिधी तिच्या वतीने संमती देऊ शकतो. पण तिला विचारायचं, सांगायचं, आणि पुन्हा विचारायचं हे चुकत नाही.

शेवटी गोळ्या. ईसीटीने बरं वाटलं की घरचे गोळ्या बंद करतात. २००१च्या एका अभ्यासात ईसीटीनंतर नुसत्या खोट्या गोळीवर ठेवलेल्यांपैकी ८४ टक्के सहा महिन्यांत पुन्हा आजारी पडले. नॉर्ट्रिप्टिलिन ही डिप्रेशनची गोळी आणि लिथियम दोन्ही चालू ठेवलेल्यांत हा आकडा ३९ होता. ३९सुद्धा कमी नाही, म्हणून काही जणांना पुढे दोन-चार आठवड्यांच्या अंतराने देखभालीच्या सिटिंगही लागतात.

प्रश्न : डॉक्टरताई, मी ७४ वर्षांचा, महालात राहतो. माझ्या मोठ्या भावाला तरुणपणी शॉक दिले होते. चार जणांनी धरलं होतं, शुद्धीवर असताना. नंतर पाठीचा मणका दुखावल्याचं निघालं. पागलखाना चौकातून ऑटो गेला तरी अजून अंगावर काटा येतो. आता वेगळं काय झालं? — एक काका

उत्तर : काका, तुमच्या भावाला दिला तो ‘डायरेक्ट’ शॉक, भुलीशिवायचा. १९३८ साली रोममध्ये सेर्लेट्टी आणि बिनी यांनी ही पद्धत सुरू केली तेव्हा ती तशीच होती, आणि फिटच्या जोराने मणके मोडल्याच्या नोंदी तेव्हापासून आहेत. स्नायू सैल करणारं औषध आलं तेव्हा बदल शक्य झाला, पण आपल्याकडे भूलतज्ज्ञ नाहीत, पैसे नाहीत, अशा सबबींवर जुनी पद्धत पुढे कितीतरी वर्षं चालू राहिली. तुमच्या भावाला झाला तो त्रास खरा होता, आणि अंगावर येणारा काटाही खरा. २०१७च्या कायद्याच्या कलम ९५ने भूल आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधाशिवाय ईसीटी देण्याला बंदी घातली, तो कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. आज कुणी डायरेक्ट देत असेल तर तो गुन्हा आहे. कोराडी रोडवरच्या मनोरुग्णालयाच्या त्या दगडी भिंतीचं नाव चौकाला चिकटलं ते चिकटलं. उपचार मात्र तुमच्या तरुणपणचा राहिलेला नाही.

प्रश्न : मी ३६ वर्षांचा, एका बँकेत नोकरी. मागच्या वर्षी आत्महत्येचा प्रयत्न झाला, त्यानंतर दोन्ही बाजूंनी ईसीटीचा कोर्स झाला. जीव वाचला हे मान्य. कामावर आहे, झोप आहे, तसे विचार नाहीत. पण लेकीचा पहिला वाढदिवस मला आठवत नाही. फोटोत मीच केक कापतो आहे. ताडोब्याची ट्रिप गेली. कर्जाच्या फायलीवर माझी सही आहे, फाइल अनोळखी. डॉक्टर म्हणतात, “टेस्ट नॉर्मल आहे, हे डिप्रेशनमुळे वाटतं.” बायको म्हणते, “जिवंत आहेस ना, मग काहून रडून राहिलास?” मला पुढे डिमेन्शिया होईल का? — प्रतापनगर

उत्तर : तुमचं गेलेलं खरंच गेलं आहे, असं मी धरून चालते. जीव वाचल्याचा आनंद आणि वाढदिवस गेल्याचा राग एकाच माणसात एकाच वेळी राहू शकतात, बायकोलाही हे वाचून दाखवा.

तुमचे डॉक्टर खोटं बोलत नाहीत, ते वेगळ्याच गोष्टीकडे बघत आहेत. २०१०मध्ये ८४ अभ्यास आणि जवळपास तीन हजार रुग्ण एकत्र करून केलेली एक मांडणी आहे. तिच्यात ईसीटीनंतरच्या पहिल्या तीन दिवसांत गुण घसरलेले दिसतात, आणि पंधरा दिवसांनंतर बहुतेक चाचण्यांमध्ये ते उपचाराआधीच्या इतके किंवा वर जातात. मनोविकारतज्ज्ञ ही मांडणी आवडीने सांगतात, मीही सांगते. पण २००३मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या आढाव्यात रुग्णांनाच विचारलं होतं, आणि त्यांच्यातल्या किमान एक तृतीयांश लोकांनी टिकून राहिलेल्या विस्मृतीची तक्रार केली. दोन्ही एकाच वेळी खरं कसं? पहिल्या मांडणीतल्या चाचण्या शब्दांची यादी द्या, अर्ध्या तासाने विचारा अशा असतात. त्या नवं शिकण्याची ताकद मोजतात. तुमच्या लेकीचा वाढदिवस कुठल्याही यादीत नसतो. स्वतःच्या आयुष्यातल्या प्रसंगांची स्मृती मोजायला वेगळी मुलाखत लागते, ती बहुतेक ठिकाणी होतच नाही, आणि मोजलं नाही ते घडलं नाही असं धरण्याची आमच्या व्यवसायाला खोड आहे.

न्यूयॉर्कच्या सात रुग्णालयांतल्या ३४७ रुग्णांचा २००७चा अभ्यास मला यात महत्त्वाचा वाटतो. त्यांनी सहा महिन्यांनंतरही आयुष्यातले प्रसंग विचारले. दोन्ही बाजूंनी ईसीटी घेतलेल्यांचं नुकसान जास्त होतं, आणि अशा सिटिंग जितक्या जास्त तितकं ते वाढत गेलं होतं. उजव्या बाजूवाल्यांचं कमी होतं. म्हणजे तुमची तक्रार पुस्तकाबाहेरची नाही, पुस्तकात आहे.

आता काय करायचं. आधी दुसरी कारणं काढून टाका: थायरॉइड, बी-१२ (शाकाहारी असाल तर नक्कीच), झोपेत श्वास अडकणं, दारू. गोळ्यांची चिठ्ठी नीट बघा. ट्रायहेक्सिफेनिडिल, अमिट्रिप्टिलिन, रोजची क्लोनाझेपाम या तिन्ही स्मृती मंद करतात, आणि आपल्याकडे त्या वर्षानुवर्षं चालू राहतात कारण बंद करायचं कुणाच्या ध्यानात येत नाही. स्वतः बंद करू नका, डॉक्टरांशी बोलून कमी करा. डिप्रेशनची थोडी शेपूट शिल्लक असेल तर तीही आठवणी धूसर करते, पण सगळं खापर तिच्यावर फोडता येणार नाही.

वर्ष उलटल्यावर जे आलं नाही ते आपोआप येण्याची शक्यता मी कमी धरते. फोटो, व्हिडिओ, बायकोचं सांगणं यांतून त्या दिवसाची माहिती परत मिळवता येते. तो आतून आठवलेला दिवस नसेल. पण लेक मोठी होऊन विचारेल तेव्हा तुमच्याकडे सांगायला काहीतरी असेल. बँकेत मात्र भावनेचा प्रश्न ठेवू नका. त्या काळातल्या सगळ्या फायलींची यादी काढून वरिष्ठांसोबत एकदा बसा.

डिमेन्शियाचं भय सोडा. डेन्मार्कमध्ये दीड लाखाहून जास्त रुग्णांचा मागोवा घेतला, त्यात ईसीटीने डिमेन्शियाचा धोका वाढलेला दिसला नाही. मेंदूच्या स्कॅनमध्ये पेशी मेल्याची खूण मिळत नाही. उलट स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस हा भाग काही काळ थोडा फुगलेला दिसतो.

अजून एक काम आहे, आणि ते बरं असतानाच करायचं. कायद्याने तुम्हाला स्वतःच्या उपचाराची कागदपत्रं मागण्याचा हक्क आहे. इलेक्ट्रोड कुठे, पल्स किती, करंट किती, सिटिंग किती, हे लिहून घ्या. मग २०१७च्या कायद्याच्या कलम ५प्रमाणे आगाऊ निर्देश करून ठेवा: पुन्हा वेळ आलीच तर आधी उजव्या बाजूने, आठवड्यातून दोनदा, आणि दोन्ही बाजूंचा निर्णय बायकोशी बोलूनच. पुढच्या वेळी तुम्ही बोलण्याच्या अवस्थेत नसाल तेव्हा हा कागद तुमच्या वतीने बोलेल.

प्रश्न : मिहानमधल्या कंपनीत आहे, वय २७. दोन गोळ्या झाल्या, फारसा फरक नाही. एका ठिकाणची जाहिरात पाहिली: चुंबकाने उपचार, पाच दिवसांत डिप्रेशन गायब, साइड इफेक्ट शून्य, स्मृतीला धक्का नाही. करू का?

उत्तर : ‘स्मृतीला धक्का नाही’ हे खरं. बाकीचं जाहिरातीचं आहे.

आरटीएमएस म्हणजे डोक्याला टेकवलेल्या कॉइलमधून चुंबकीय ठोके. शेफिल्डच्या अँथनी बार्कर यांनी १९८५मध्ये चुंबकाने मेंदू बाहेरून चेतवून दाखवला. अमेरिकेत २००८मध्ये डिप्रेशनसाठी मान्यता मिळाली. भूल नाही, फिट आणायची नाही. कपाळाच्या डाव्या बाजूला थोडं वर ठोके, आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे. सुरुवातीला एक सिटिंग ३७ मिनिटांची होती. २०१८मध्ये कॅनडातल्या ४१४ रुग्णांच्या अभ्यासात तीन मिनिटांची थीटा-बर्स्ट पद्धत तेवढीच उपयोगी ठरली. ऑफिसच्या आधी उरकता येईल असा उपचार आहे. डोकं दुखतं, टाळूवर टोचतं, आवाज टकटक असतो म्हणून कानात बोळे घालायचे. फिट येण्याचा धोका हजारात एकाहून कमी, पण शून्य नाही. डोक्यात धातूची क्लिप किंवा कॉक्लियर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र) असेल तर नाही. आधी कधी फिट आली असेल तर सांगा.

गुण किती? गोळ्या लागू न पडलेल्यांत साधारण निम्म्यांना ठळक फरक, तिसऱ्या हिश्शाला पूर्ण आराम. तुमच्यासारख्याला, जो जेवतोय, कामावर जातोय, ज्याला भ्रम नाहीत, मी आधी हेच सुचवीन. वरच्या पत्रातल्या आईला सुचवणार नाही. तिथे चुंबकाची वाट बघणं धोक्याचं.

‘पाच दिवसांत’ हे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातून आलं आहे. रोज दहा सिटिंग, पाच दिवस, एमआरआय काढून प्रत्येकाची नेमकी जागा शोधून. अमेरिकेत २०२२मध्ये त्याला मंजुरी मिळाली, पण ज्या चाचणीवर गाजावाजा झाला तिच्यात तीसच्या आतबाहेर माणसं होती. आणि ती सगळी एमआरआयची जुळवाजुळव न करता नुसत्या दहा सिटिंग दिल्या तर तो उपचार तोच राहत नाही. जाहिरातवाल्यांना विचारा, जागा कशी शोधता? ‘टेपने मोजतो’ म्हणाले तर त्यात गैर काही नाही, बहुतेक ठिकाणी तसंच करतात. मग फक्त स्टॅनफर्डचं नाव घेऊ नका म्हणावं.

प्रश्न : आठवणींच्या भीतीने ईसीटी टाळून केटामाइन हे भुलीचं औषध घ्यावं का?

उत्तर : भ्रम नसतील तर विचार करण्याजोगं आहे. २०२३मध्ये अमेरिकेतल्या ४०३ रुग्णांच्या अभ्यासात तीन आठवड्यांनी केटामाइनच्या गटात ५५ टक्के आणि ईसीटीच्या गटात ४१ टक्के लोकांना फायदा झाला होता. स्मृतीची कुरकुर ईसीटीकडे जास्त होती. पण त्यात भ्रम असलेले रुग्ण घेतलेच नव्हते, आणि इतर कित्येक अभ्यासांत ईसीटी याहून सरस ठरलेली आहे. केटामाइनने काही वेळ अंगापासून सुटल्यासारखं वाटतं, बीपी चढतं, आणि चटक लागू शकते. दवाखान्यातच, देखरेखीखाली.

प्रश्न : इंटरनेटवर डोक्याला लावायचं छोटं यंत्र मिळतं, सौम्य करंटचं. घरीच घेतलं तर?

उत्तर : ते टीडीसीएस. एक-दोन मिलिअँपिअरचा करंट, फिट येत नाही, स्मृतीला त्रास नाही. तीव्र डिप्रेशनला त्यावर सोडता येत नाही. कातडी भाजते ती मात्र घरीच भाजते. डॉक्टरांनी सुचवलं, इलेक्ट्रोडची जागा आखून दिली, तर ठीक.

प्रश्न : मेंदूत तार घालून डिप्रेशन बरं करतात असं वाचलं. नागपुरात होतं का?

उत्तर : वाचलंत ते डीप ब्रेन स्टिम्युलेशन. टोरांटोत हेलन मेबर्ग यांच्या गटाने २००५मध्ये सहा रुग्णांवर केलं, चौघांना मोठा फायदा झाला. पुढे मोठी चाचणी झाली तेव्हा सहा महिन्यांत खोट्या उपचाराच्या पुढे ते ठळकपणे गेलं नाही. पार्किन्सनसाठी ही शस्त्रक्रिया रुळलेली आहे. डिप्रेशनसाठी ती अजून संशोधनातच आहे, आणि तुम्हाला कुणी पॅकेज सांगत असेल तर उठून या.

प्रश्न : मुलगा १६ वर्षांचा. बोलणं, हलणं बंद, एकाच जागी तासन्‌तास बसतो. ईसीटी म्हणाले. कायद्याने चालतं?

उत्तर : अल्पवयीन मुलांना ईसीटी देण्यास मनाई आहे. पण तज्ज्ञाला अत्यावश्यक वाटलं तर पालकांची लेखी संमती आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची आधी परवानगी घेऊन देता येते. तुम्ही वर्णन करता ते कॅटाटोनिया असू शकतं. त्यात आधी लोराझेपाम देऊन बघतात, अनेकदा काही तासांत मूल बोलायला लागतं. रक्त, मेंदूज्वर, झटके यांची तपासणीही आधी. मेडिकल कॉलेजच्या किंवा एम्सच्या मनोविकार विभागात आजच न्या. रात्री-अपरात्री कुठे विचारायचं ते सुचत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

प्रश्न : विमा कंपनी म्हणते, शॉक ट्रीटमेंट कव्हर नाही, मानसिक आजार पॉलिसीत बसत नाही.

उत्तर : २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २१(४) सांगतं की मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकाच विमा मिळाला पाहिजे, आणि विमा नियामकाने २०१८मध्ये कंपन्यांना तसं कळवलेलं आहे. फोनवर बोलू नका. नकार लेखी मागा, त्यात पॉलिसीचं कुठलं कलम लावलं ते लिहायला सांगा. भरतीच्या कागदांवर निदान, ‘भुलीखाली ईसीटी’ हे शब्द, भूलतज्ज्ञाचं बिल आणि प्रत्येक सिटिंगची तारीख स्वतंत्र असू द्या. ‘डे-केअर’ म्हणून नाकारलं असेल तर पॉलिसीतली डे-केअर उपचारांची यादी उघडून बघा. कंपनीच्या तक्रार विभागाने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे वकील लागत नाही, फीही लागत नाही.